किडी, पक्षी आणि तोरणमाळचा बांध

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अभ्यासकांना रानपिंगळा दिसला. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंद नव्हती. तो नामशेष झाला असेच बहुतेकांनी धरले होते. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तळोदा, शहादा आणि तोरणमाळच्या जंगलांत त्याचा माग काढला. आज तोरणमाळचे नाव पक्षी अभ्यासकांच्या तोंडी आहे ते या घुबडामुळे.

रानपिंगळ्याच्या आहाराची पाहणी झाली तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा सरडे, पाली आणि सापसुरळ्यांचा निघाला. त्याखालोखाल उंदीर, आणि थोडेफार कीटक. सरडे आणि सापसुरळ्या तर स्वतःच कीटकांवर जगतात. मग रानपिंगळा शेतकऱ्याचा मित्र म्हणायचा का? तो उंदीर खातो म्हणून मित्र, की किडी खाणारे सरडे संपवतो म्हणून शत्रू? पक्षी हे किडींचे नैसर्गिक नियंत्रक आहेत हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून कृषी विभागाच्या पत्रकापर्यंत सगळीकडे भेटते. त्यामागे किती पुरावा आहे, त्यावर आक्षेप कोणते आहेत आणि तोरणमाळसारख्या जंगल-शेतीच्या सरमिसळ मुलखात त्याचा अर्थ काय लावायचा, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी: पोट फाडून पाहण्याचा काळ

पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केली. रानपिंगळ्याचे शेवटचे अस्सल नमुनेही त्याचेच. त्या काळचा भर पक्षी ओळखणे, गोळा करणे आणि त्यांना नावे देणे यावर होता. पक्षी काय खातो आणि त्याने पिकाला काय होते, हा प्रश्न पुढच्या पिढीने हाती घेतला.

बिहारमधल्या पुसा येथील शेती संशोधन संस्थेत सी. डब्ल्यू. मेसन आणि एच. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९१२ साली भारतातील पक्ष्यांच्या आहारावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत सरळ होती: पक्षी मारायचा, त्याचे पोट तपासायचे, आतले कीटक आणि दाणे मोजायचे आणि पक्ष्याला उपकारक, उपद्रवी किंवा तटस्थ ठरवायचे. भारतातल्या कृषी पक्षिशास्त्राचा पाया इथे घातला गेला. सालिम अलींनी हा धागा उचलून धरला. १९४१ साली आलेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तकातही पक्ष्यांच्या उपयुक्ततेची चर्चा आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९८२ मध्ये कृषी पक्षिशास्त्रावर अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू केला आणि हैदराबाद हे त्याचे प्रमुख केंद्र झाले.

या पद्धतीने एक गोष्ट पक्की कळली: कोणता पक्षी काय खातो. कोतवाल, वेडा राघू, नीलपंख, खाटीक, साळुंकी, गायबगळा आणि हुदहुद यांच्या आहारात नाकतोडे, भुंगेरे, पतंग आणि अळ्या भरपूर असतात. बहुतेक पक्षी केसाळ अळ्या टाळतात, पण पावशा, चातक आणि त्यांचे भाईबंद त्या आवडीने खातात. ‘पेर्ते व्हा’ म्हणून ज्याची हाक आपण ओळखतो तो पावशा पेरणीची आठवण तर देतोच, शिवाय उगवलेल्या पिकावरच्या अळ्याही टिपतो. सुगरण, चिमणी, मुनिया हे दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिलांना किडेच भरवतात, कारण वाढत्या पिलाला प्रथिने लागतात.

पण पोटात सापडलेल्या अळ्यांवरून शेतातल्या अळ्या कमी झाल्या असे सिद्ध होत नाही. पक्ष्याने शंभर अळ्या खाल्ल्या, पण शेतात लाखभर असतील तर काय? आणि त्या शंभरातल्या नव्वद एरवीही मरणारच असतील तर? पक्षी नसता तर किडी किती वाढल्या असत्या, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पोट फाडून मिळत नाही.

जाळीचा प्रयोग: जंगलातला पुरावा

उत्तर शोधण्यासाठी १९७०च्या दशकापासून जाळीचा प्रयोग रूढ झाला. काही झाडांवर किंवा वाफ्यांवर अशी जाळी टाकायची की कीटक आत-बाहेर करू शकतील, पण पक्षी नाही. शेजारची झाडे उघडी ठेवायची आणि दोहोंतला फरक मोजायचा. १९७९ साली रिचर्ड होम्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूक जंगलात हे करून दाखवले. जाळीबाहेरच्या झाडांवर अळ्या स्पष्टपणे कमी होत्या.

१९९४ मध्ये रॉबर्ट मार्क्विस आणि ख्रिस्तोफर व्हेलन यांनी मिसूरीतल्या ओकच्या रोपांवर पुढचे पाऊल टाकले. त्यांनी तीन गट केले: जाळीतले, उघडे आणि कीटकनाशक फवारलेले. जाळीतल्या रोपांची पाने सर्वाधिक खाल्ली गेली आणि त्यांची वाढ सर्वांत कमी झाली. उघड्या रोपांची वाढ त्याहून चांगली झाली आणि फवारलेल्यांची सर्वांत जास्त. या एका प्रयोगात दोन्ही बाजूंचे म्हणणे सामावले आहे. पक्ष्यांमुळे झाडाचा फायदा होतो हे त्यातून दिसते, आणि पक्षी फवाऱ्याइतके काम करत नाहीत हेही दिसते.

सातपुड्याच्या दृष्टीने जंगलातला महत्त्वाचा वृक्ष साग. पावसाळ्याच्या तोंडी त्याची कोवळी पाने फस्त करणारी हिब्लिया प्युएरा ही अळी आणि पावसाळा सरताना पानांची जाळी करून टाकणारी दुसरी अळी, या दोन किडींचा वनखात्याला जुना अनुभव आहे. के. एस. एस. नायर आणि सहकाऱ्यांनी केरळमध्ये केलेल्या अभ्यासात, चार ते आठ वर्षांच्या सागाच्या लागवडीत पहिल्या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीतला ४४ टक्के हिस्सा गमावला जातो असे दिसले. केरळमध्ये या अळीवर अनेक जातींचे पक्षी तुटून पडतात असेही नोंदले गेले आहे. पण ही अळी लाटेसारखी येते. काही दिवसांत डोंगरच्या डोंगर खराट्यासारखे होतात. अशा लाटेपुढे पक्ष्यांची भूक अपुरी पडते.

जगभरच्या वनशास्त्रज्ञांचे यावर बऱ्यापैकी एकमत आहे. किडींची संख्या कमी असते तेव्हा पक्षी तिला दाबून धरतात आणि दोन उद्रेकांमधले अंतर वाढवतात. उद्रेक एकदा झाला की तो शमवणे त्यांच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून पक्ष्यांचे काम रोजच्या राखणीचे. आग लागल्यावर ती विझवणे हे वेगळे काम आहे.

शेतातला पुरावा

शेतीत आणि फळबागांत असे पुरावे गेल्या पंचवीस वर्षांत साचले. नेदरलँड्समध्ये मोल्स आणि व्हिसर यांनी सफरचंदाच्या बागांत वल्गुली कुळातल्या पक्ष्यांसाठी घरटी टांगली. त्यांचा अहवाल २००२ साली आला. त्यात अळीने खराब केलेल्या फळांचे प्रमाण घटले आणि झाडामागे उत्पन्न ४.७ किलोवरून ७.८ किलोवर गेले. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर कोकोच्या झाडांवरून पक्षी आणि वटवाघळे दोन्ही दूर ठेवली तेव्हा उत्पन्न ३१ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०१३ चा. त्याच वर्षी कोस्टा रिकातल्या कॉफीच्या मळ्यांवरचा अभ्यास आला. तिथे पक्ष्यांनी कॉफीच्या फळात शिरणाऱ्या भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव जवळजवळ निम्म्यावर आणला होता. ज्या मळ्यांच्या आसपास जंगलाचे तुकडे जास्त, तिथे हे पक्षीही जास्त आढळले. तोरणमाळच्या संदर्भात ही शेवटची बाब सर्वांत मोलाची.

महाराष्ट्रात या ज्ञानाचे व्यवहारी रूप म्हणजे पक्षी थांबे. हरभऱ्यात घाटे अळी आणि तुरीत शेंगा पोखरणारी अळी, म्हणजे एकच हेलिकोव्हर्पा. तिच्या नियंत्रणासाठी कृषी विद्यापीठे एकात्मिक कीड व्यवस्थापनात पिकापेक्षा उंच, टी आकाराचे बांबूचे थांबे रोवण्याची शिफारस करतात. हेक्टरी किती थांबे याबाबत वीसपासून पन्नासपर्यंत वेगवेगळे आकडे दिले जातात. पेरताना हरभऱ्यात मूठभर ज्वारी मिसळली तर ज्वारीची ताटेच थांब्याचे काम करतात आणि बांबूचा खर्चही वाचतो. कोतवाल आणि साळुंक्या तिथे बसतात, खालची अळी दिसली की झेपावतात आणि परत येऊन बसतात. नांगरणीच्या वेळी उघड्या पडलेल्या हुमणीच्या अळ्या वेचायला गायबगळे आणि साळुंक्या औतामागे चालतात. हे दृश्य कुठल्याही शेतकऱ्याला नवे नाही. म्हणूनच उन्हाळी नांगरट दिवसा आणि पक्ष्यांच्या सोबतीने व्हावी, असे सल्ल्यांमध्ये सांगितले जाते.

मर्यादा आणि आक्षेप

पक्षी किडी आवरतात या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप प्रामुख्याने चार प्रकारचे आहेत आणि प्रत्येकात तथ्य आहे.

पहिला आक्षेप किडीच्या स्वभावाचा. बहुतेक पक्षी डोळ्यांना दिसेल तेच खातात. नंदुरबारच्या सपाटीवर कापूस, मिरची, पपई आणि मका ही मोठी पिके. कापसाची गुलाबी बोंडअळी बोंडात दडलेली असते. मक्यातली लष्करी अळी पोंग्यात बसते. मिरचीवर चुरडामुरडा आणणारे फुलकिडे आणि पपईवर विषाणू पसरवणारा मावा इतके बारीक असतात की कोतवाल त्यांच्याकडे वळत नाही. उघड्यावर वावरणारी घाटे अळी, सोयाबीनवरची उंट अळी, नाकतोडे, हुमणीचे भुंगेरे आणि रात्रीचे पतंग यांवर पक्ष्यांचा प्रभाव जास्त. म्हणजे पक्ष्यांचा उपयोग पिकानुसार आणि किडीनुसार बदलतो.

दुसरा आक्षेप पक्ष्याच्या दुहेरी भूमिकेचा. भोरड्या मध्य आशियात टोळ खातात. चीनच्या शिंजियांगमध्ये त्यांच्यासाठी मुद्दाम घरटी उभारली जातात. त्याच भोरड्या हिवाळ्यात आपल्याकडे आल्या की थव्याने ज्वारीवर उतरतात. दाणे भरण्याच्या दिवसांत मचाणावर बसून गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याला ‘पक्षी मित्र असतात’ एवढेच सांगणे अपुरे आहे. सातपुड्याच्या उतारावर, जिथे शेतातली ज्वारी, मका, भगर हीच घरची भाकर असते, तिथे तर फारच.

तिसरा आक्षेप भक्षकांच्या भक्षकांचा, रानपिंगळ्याच्या उदाहरणातून वर आलेला. पक्षी किडी खातो, तसे कोळी, ढालकिडे आणि परोपजीवी गांधीलमाश्याही खातो, आणि हेही किडींचे शत्रूच. २०१३ साली दक्षिण कोरियातल्या कोबीच्या शेतांवरच्या अभ्यासात, पक्ष्यांमुळे मित्रकीटकांच्या कामात अडथळा येऊ शकतो असे दिसले. उलट २०१० मध्ये केलिन मूनी आणि सहकाऱ्यांनी चार खंडांतल्या ११३ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. पक्षी, वटवाघळे आणि सरडे मिळून कीटकभक्षक कीटक व कोळी ३८ टक्क्यांनी आणि वनस्पतिभक्षक कीटक ३९ टक्क्यांनी कमी करतात, तरीही झाडाचे नुकसान ४० टक्क्यांनी घटते, असा त्यांचा निष्कर्ष. थोडक्यात, पक्षी मित्रालाही खातो, पण सरासरीने झाडाच्या पदरात फायदाच पडतो. ही सरासरी सगळ्या शेतांना लागू पडत नाही. २०१८ साली जगभरातल्या आकडेवारीच्या मोठ्या संकलनातून दिसले की आसपास जंगल असले की किडी कमीच होतील असा एकसारखा नियम नाही. कुठे त्या कमी होतात, कुठे वाढतात.

चौथा आक्षेप व्यवहाराचा. पक्षी हुकमी नसतात. उद्या सकाळी शेतात किती कोतवाल येतील हे कोणी सांगू शकत नाही. फवारणीचे परिणाम दोन दिवसांत दिसतात. कर्ज काढून कापूस लावणारा शेतकरी अनिश्चिततेवर पीक सोडून द्यायला तयार होत नाही आणि त्याला दोष देता येत नाही.

पक्षी हटवले तर काय होते

या वादात पक्षी नाहीसे झाल्याचे दाखले वारंवार दिले जातात. चीनमध्ये १९५८ साली चार उपद्रवी प्राण्यांच्या यादीत चिमणीला घालून तिचा देशव्यापी संहार केला गेला. १९६० मध्ये तिचे नाव यादीतून काढून ढेकणाचे घालावे लागले. त्या काळच्या भीषण दुष्काळामागे धोरणांची अनेक कारणे होती. तो केवळ चिमण्यांच्या नाशामुळे आला असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. तरीही किडी वाढण्याला या मोहिमेने हातभार लावला हे आता सर्वमान्य आहे.

अर्जेंटिनातला १९९५-९६ च्या हंगामातला प्रसंग अधिक बोलका. नाकतोड्यांवर जगणारे स्वेन्सनचे ससाणे हजारोंनी मेले. नाकतोडे मारण्यासाठी मोनोक्रोटोफॉस फवारले होते. जो पक्षी फुकटात नाकतोडे वेचत होता तोच त्या विषाला बळी पडला. हेच औषध आपल्याकडे कापूस आणि कडधान्यांवर अनेक वर्षे वापरात होते. २०१४ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात, पाण्यात इमिडाक्लोप्रिड जास्त सापडलेल्या भागांत कीटकभक्षी पक्ष्यांची संख्या दरवर्षी सरासरी साडेतीन टक्क्यांनी घटत असल्याचे दिसले. इमिडाक्लोप्रिड आपल्याकडे कापसाच्या बियाण्याला चोळले जाते. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. ज्यांचा दीर्घकालीन कल मोजता आला त्या ३३८ जातींपैकी ६० टक्के घटल्या. कीटकांवर जगणारे पक्षी सर्वाधिक घटणाऱ्या गटांत आहेत.

हा पेच गोलाकार आहे. फवारणीने पक्षी घटतात, पक्षी घटल्याने किडींवरचा नैसर्गिक दाब कमी होतो, आणि मग पुन्हा फवारणी वाढते. हे चक्र किती वेगाने फिरते हे पिकानुसार बदलते, पण त्याची दिशा आता स्पष्ट आहे.

तोरणमाळ: दोन मुलखांची सीमा

तोरणमाळ सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात आहे. यशवंत तलावाभोवती पर्यटकांची वर्दळ असते, पण मुलूख खरा कळतो तो घाटातून वर येताना. साग, साल‌ई, मोह, पळस यांचे पानझडी जंगल आणि मध्येमध्ये पावरा व भिल्ल कुटुंबांची उतारावरची शेते. शहाद्याच्या सपाटीवर मैलोगणती एकपिकी शेती दिसते, इथे जंगल आणि शेत एकमेकांत गुंतलेले आहेत. कोस्टा रिकातल्या मळ्यांवरून जे कळले तशी रचना इथे आपसूक आहे: जंगलात घरटे करायचे आणि शेतात चरायचे. वरच्या शेतांत फवारणीही सपाटीच्या तुलनेत कमी.

पण जंगल झिजते आहे. रानपिंगळ्याच्या अभ्यासकांनी इथल्या वृक्षतोडीबद्दल आणि शेतीसाठी झालेल्या जंगलसफाईबद्दल चिंता व्यक्त केली. घुबडाभोवतीच्या अंधश्रद्धा आणि गलोलीने होणारी पाखरांची शिकार यांचाही त्यांनी उल्लेख केला. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच ऐकण्याजोगे आहे. पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीवरचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. जंगलाची राखण करायची असेल तर ती इथल्या माणसांना बरोबर घेऊनच होईल. शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने हे करून दाखवले आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड जंगल पुन्हा उभे केले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

सपाटीवर प्रश्न निराळा आहे. तिथे बांधावरची झाडे गेली, कोतवालाला बसायला फांदी उरली नाही. पक्षी थांबा हा त्या तुटीवरचा तात्पुरता उपाय आहे. बांबूवर कोतवाल बसू शकतो, पण घरटे बांधू शकत नाही. त्यासाठी बाभूळ, कडुनिंब, आंबा लागतो. सुतार, पिंगळा, नीलपंख यांना ढोलीची जुनी झाडे लागतात, आणि तीच झाडे लाकडासाठी आधी पडतात.

अनुत्तरित प्रश्न

इतक्या अभ्यासांनंतरही काही प्रश्न सुटलेले नाहीत. पहिला मोजमापाचा. जाळीचे बहुतेक प्रयोग अमेरिका, युरोप आणि कॉफी-कोकोच्या मळ्यांत झाले. मोसमी पावसावरच्या पानझडी जंगलांना आणि कोरडवाहू हरभरा-तुरीला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. दुसरा प्रश्न अंतराचा. जंगलाच्या कडेपासून किती लांबवर पक्ष्यांचा प्रभाव टिकतो? सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांसाठी हा थेट पिकाचा प्रश्न आहे. तिसरा वेळेचा. बहुतेक कीटकभक्षी पक्षी पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्यात पिले वाढवतात, तर घाटे अळीचा जोर हिवाळ्यात. या दोन काळांचे गणित जुळते कसे? चौथा प्रश्न किमतीचा. पक्ष्यांमुळे वाचलेल्या पिकाचे मोल पैशात मांडावे की नाही यावरच अभ्यासकांत मतभेद आहेत. पैशात मांडल्याशिवाय धोरणात स्थान मिळत नाही, असे एक म्हणतात. ज्या पक्ष्याचा हिशेब लागणार नाही त्याला राखायचे नाही का, असे दुसरे विचारतात. रानपिंगळ्यासारख्या पक्ष्याकडे पाहिले की हा दुसरा प्रश्न झटकून टाकता येत नाही.

यांतल्या पहिल्या तीन प्रश्नांसाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. हरभऱ्याच्या दोन वाफ्यांवर जाळी, दोन उघडे, प्रत्येकी एक जंगलाजवळ, एक दूर, आणि आठवड्याला एकदा ओळीतल्या अळ्यांची मोजणी. २००९ पासून राज्यात किडींच्या सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प चालू आहे. अळ्या मोजण्याची शिस्त त्यातून गावोगाव पोहोचली आहे. त्याच तक्त्यात पक्ष्यांचा एक रकाना वाढवता येईल.

आढाव्याचे तात्पर्य

उपलब्ध पुरावा जुळवून पाहिला तर निष्कर्ष असा निघतो. पक्षी किडींचा उद्रेक शमवत नाहीत, बारीक किंवा दडलेल्या किडींवर त्यांचा उपयोग सहसा कमी, आणि पिकावर येणाऱ्या थव्यांचा त्रास खरा आहे. पण उघड्यावर वावरणाऱ्या अळ्या आणि नाकतोडे आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली ठेवण्याचे काम ते वर्षभर, विनामूल्य करतात, आणि हे काम झाडे व जंगल शेताच्या शेजारी असेल तिथे अधिक नेटाने होते. ते फवारणीची जागा घेत नाहीत, फवारणीची गरज कमी करतात.

म्हणून आर्जव एवढेच. अळ्यांची संख्या नुकसानीच्या पातळीला पोहोचल्याशिवाय औषधाचा पंप उचलू नये. पेरताना हरभऱ्यात मूठभर ज्वारी टाकावी. बांधावरचे ढोलीचे झाड तोडण्याआधी त्यात कोण राहते ते पाहावे. आणि तोरणमाळच्या पोरांच्या हातातल्या गलोलीच्या जागी शाळेने पक्षी मोजण्याची वही द्यावी. त्या वहीतून येणारी नोंद या सगळ्या चर्चेत आज सर्वांत जास्त हवी आहे.